आपले पाऊल किती सेंटिमीटरचे?

(इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)



भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी गुरुजींनी मला 'लांबीचे मापन' या विषयावर लिहायला सांगितले होते. मी लिहायला बसले मापनावर आणि लिहून झाले आमच्या आजीवर. गुरुजींनी वाचले, चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, "असू दे तसेच." म्हणून तसेच देत आहे.

आमची वस्ती फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या जवळ. आजीला दोन वर्षांपूर्वी साखरेचा आजार निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावले, "आजी, रोज तीन किलोमीटर चालायचं. रमतगमत नाही, जरा झपाट्यानं." आता तीन किलोमीटर झाले हे आजीला कळणार कसे? दिवाळीला पुण्याहून आमचा दादा आला. त्याने नवीन मोबाइल घेतला होता, म्हणून जुना आजीला दिला. त्यात पावले मोजणारे ॲप होते. किती पावले झाली आणि किती किलोमीटर झाले, दोन्ही आकडे दिसतात. आजीला आकडे वाचता येतात. मोबाइल कमरेच्या पिशवीत घालून ती रोज संध्याकाळी चालायला निघायची. ३ चा आकडा दिसला की परत फिरायची. एकही दिवस तिने चुकवला नाही.

तीन महिन्यांनी रक्त तपासले, तर साखर होती तिथेच.

मग घरात धुसफूस सुरू झाली. आई म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही चहात गुपचूप साखर घालून घेता." आजी म्हणाली, "देवाशपथ न्हाई." बाबा म्हणाले, "मग तू चालत नसशील, पारावर बसून येत असशील." हे आजीला फार लागले. तिने मोबाइल बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "ह्यो खोटं बोलतुया का म्या?" त्या रात्री ती नीट जेवली नाही.

त्याच आठवड्यात वर्गात मापनाचा धडा चालला होता. गुरुजींनी वीत, हात, पाऊल ही जुनी मापे सांगितली आणि म्हणाले, "उद्या प्रत्येकाने आपले पाऊल किती सेंटिमीटरचे ते मोजून आणा." दुसऱ्या दिवशी नुसता गोंधळ! निम्म्या वर्गाने २१, २२, २३ असे आकडे आणले, तर निम्म्याने ५५, ६०. गुरुजी पोट धरून हसले. झाले होते असे की, आपल्या मराठीत पाऊल म्हणजे पायाचा तळवाही आणि चालताना टाकतो ते पाऊलही. निम्म्यांनी पट्टीवर तळवा ठेवून लांबी काढली होती. त्यात मीसुद्धा होते, लपवून काय करू?

तर आधी हे पक्के करू. चालताना एका पायाची टाच जिथे टेकते, तिथपासून दुसऱ्या पायाची टाच पुढे जिथे टेकते, तिथपर्यंतचे अंतर म्हणजे एक पाऊल. तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत दोन पावले होतात. फोनमध्ये किंवा पुस्तकात कधी एका पावलाचा आकडा असतो, तर कधी दोन पावलांचा मिळून. कोणता आहे ते पाहिले नाही तर उत्तर एकदम दुप्पट किंवा निम्मे येते. जुन्या रोमन लोकांचा मैल हजार पावलांचा होता असे वाचून मी चक्रावले होते, कारण माझ्या हजार पावलांत ६०० मीटरच होतात. मग कळले की त्यांचे एक पाऊल म्हणजे आपली दोन.

आता मोजायचे कसे? एकच पाऊल टाकून त्यावर पट्टी लावू नका. एकटे पाऊल टाकायला सांगितले की माणूस हमखास लांब ढांग टाकतो. आम्ही शाळेतली खेळांच्या सामन्याची ३० मीटरची फीत घेतली. मैदानावर ३० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. पहिल्या रेघेच्या आठ-दहा पावले मागून चालायला सुरुवात करायची, कारण पहिली पावले नेहमीसारखी पडत नाहीत. तसेच दुसऱ्या रेघेशी येऊन थांबायचे नाही, तिच्या पुढे जाऊनच थांबायचे. रेघ ओलांडली की दुसऱ्याने मोजायला लागायचे आणि दुसरी रेघ ओलांडली की थांबायचे. चालणाऱ्याने स्वतः मोजू नये. मोजताना चाल बदलते. असे तीनदा करून सरासरी काढायची.

माझी पावले झाली ४९, ५१ आणि ५०. सरासरी ५०. ३० मीटर म्हणजे ३००० सेंटिमीटर. ३००० भागिले ५०, म्हणजे माझे पाऊल ६० सें.मी. आमच्या वर्गातला एक पैलवान (नाव सांगत नाही, तो वाचतोच आहे) मुली बघताहेत म्हणून छाती काढून असा चालला की ३६ पावलांतच ३० मीटर! गुरुजींनी त्याला बोलण्यात गुंतवून पुन्हा चालायला लावले तेव्हा ४७ झाली.

घर ते शाळा माझी १५४० पावले होतात. ६० ने गुणले की ९२४ मीटर. बाबांच्या मोटारसायकलच्या मीटरवर हेच अंतर ०.९ किलोमीटर आले. इतका आनंद मला पूर्वी कोणत्याच गणिताने दिला नव्हता.

गुरुजींनी एक सोपी युक्तीही सांगितली. उंचीच्या साधारण ४१ टक्के एवढे पाऊल असते. माझी उंची १४५ सें.मी. त्याचे ४१ टक्के म्हणजे जवळजवळ ६०. अगदी बरोबर! मी मनात म्हटले, मग फीत कशाला हवी? इथेच मी फसणार होते.

घरी येऊन आजीची उंची दाराच्या चौकटीला लावून मोजली. १४८ सें.मी. म्हणजे पाऊल ६१ यायला हवे. मोबाइलमध्ये पाहिले, तर तिथे ७१! फोन दादाचा, उंची दादाची, आणि चालत होती आजी. फोनला कोण सांगणार की मालक बदलला?

रविवारी आजीला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. ती आधी नको नको म्हणत होती. "म्हातारीचा खेळ मांडू नगंस पोरी," म्हणाली. मग तिला चालवले आणि मी मोजले: ६६, ६८, ६७. सरासरी ६७. ३००० भागिले ६७, म्हणजे ४५ सें.मी. ६१ नाही, ७१ तर नाहीच नाही. आजी जवळजवळ माझ्याच उंचीची, पण माझे पाऊल ६० आणि तिचे ४५. वयाने पाऊल आखडते, गुडघे दुखत असले तर आणखी आखडते. उंचीला ते काय ठाऊक?

आता फोन अंतर काढतो कसे ते सांगते. फोनला आपले पाय दिसत नाहीत आणि रस्ताही दिसत नाही. त्यात हिसके ओळखणारा एक अगदी बारीक भाग असतो. चालताना प्रत्येक पावलागणिक आपले अंग थोडे वरखाली होते. तो हिसका फोन मोजतो आणि त्याला, आत जी पावलाची लांबी लिहिलेली असेल, तिने गुणतो. (काही ॲप उपग्रहावरून जागा शोधून अंतर काढतात, ती गोष्ट वेगळी. आजीचे तसले नव्हते.) म्हणून फोन हातात धरून बसल्या बसल्या हलवला तरी पावले वाढतात. माझ्या धाकट्या भावाने तसे करून आजीची १००० पावले वाढवून दिली होती आणि त्याबद्दल चिक्की मागितली होती! उलट कोणी अगदी हळू, पाय घासत चालले तर हिसका बसत नाही आणि काही पावले फोनला कळतच नाहीत.

हेही तपासले. आजीला मोजून १०० पावले चालवले. फोनने एकदा ९१ दाखवली, एकदा ८७, एकदा ९२. म्हणजे शंभरातली दहा पावले फोन खात होता.

आता खरे गणित. पाऊल ७१ सें.मी. धरले तर ३ किलोमीटरला फोनच्या हिशेबाने ४२२५ पावले लागतात. तेवढी दिसली की आजी परत फिरायची. पण फोनला १०० मधली ९०च कळत होती, म्हणजे आजीची खरी पावले ४६९४ च्या आसपास. त्याला ४५ ने गुणले की सुमारे २ किलोमीटर १०० मीटर. रोज ९०० मीटर कमी! मी वहीत तीन वेळा गुणाकार केला. मग बाबांना दाखवला. बाबांनी स्वतः एकदा केला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि आत जाऊन आजीला म्हणाले, "आये, तू चालत होतीस. फोनच येडा होता."

साखर एवढ्यामुळेच उतरली नाही असे मात्र मी म्हणणार नाही. डॉक्टरबाईंनी पुढे गोळीही बदलली. पण आजी खोटे बोलत नव्हती, एवढे वहीत सिद्ध झाले.

फोनमध्ये किती आकडा घालायचा, यात एक गंमत आहे. खरे पाऊल ४५, पण फोन शंभराची नव्वदच मोजतो. म्हणून ४५ भागिले ०.९ करायचे, म्हणजे ५० सें.मी. हा आकडा खोटा असला तरी उत्तर खरे देतो. आता ३ किलोमीटरला फोनवर ६००० पावले दिसायला हवीत.

यापुढे जे घडले ते गणितात नव्हते.

मी पुस्तकी हुशारी दाखवायला आणखी एक पद्धत करायची ठरवले. पाय ओले करून कोरड्या फरशीवर चालायचे आणि टाचांच्या खुणांमधले अंतर पट्टीने मोजायचे. आमच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे. आजीचे पाय बादलीत बुडवले आणि तिला चालवले. मी मागून भराभर खडूने टाचांपाशी खुणा केल्या. उजवे पाऊल पुढे पडताना ४७ सें.मी., डावे पुढे पडताना ४३. दोन्ही सारखी यायला हवीत, म्हणून मी म्हटले, माझ्याच खुणा चुकल्या. मी पुन्हा पाणी आणायला उठले, तेवढ्यात आई ओसरीवर आली आणि म्हणाली, "हे काय गं?"

उजव्या पायाच्या प्रत्येक ठशात, अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यापाशी, तांबूस डाग होता. प्रत्येक ठशात. मी टाचांकडेच बघत होते, मला दिसला नव्हता.

आईने आजीला खाली बसवून पाय वर घेतला. तळव्याला रुपयाएवढी जखम होती आणि आत बाभळीचा मोडका काटा. आजी म्हणाली, "मला तर कायबी दुखत न्हाई." तेच ऐकून आई घाबरली. एवढी जखम आणि दुखत नाही?

बाबा लगेच तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी समजावले की साखरेच्या आजारात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. काटा मोडला, चप्पल चावली, चटका बसला तरी माणसाला कळत नाही. जखमही लवकर भरत नाही. चिघळली तर बोट, कधी पायसुद्धा कापावा लागतो. "वेळेवर आणलंत," म्हणाल्या. काटा काढला, मलमपट्टी केली आणि सांगितले, जखम भरेपर्यंत लांब चालणे बंद. रोज रात्री दोन्ही तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याला दाखवायचे, आणि घरात, अंगणातसुद्धा अनवाणी फिरायचे नाही.

आजी आयुष्यभर शेतात अनवाणी वावरलेली. वारीलासुद्धा ती सात वेळा चालत गेलेली. तिला पाच आठवडे बाजेवर बसणे म्हणजे शिक्षाच. शाळेतून आले की मी तिच्यापाशी बसायचे. एकदा तिने विचारले, "वारीला म्या किती पावलं टाकली असतील गं?" आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. तेव्हाचे तिचे पाऊल ५५ सें.मी. धरले. भागाकार केला तर एका वारीची साडेचार लाखांच्या वर पावले आली. तिने हात जोडले. मला नाही, पंढरपूरच्या दिशेला.

त्याच दिवसांत गुरुजींनी पंडित नैनसिंह रावत यांची माहिती दिली, ती मी आजीला वाचून दाखवली. तुम्हालाही थोडक्यात सांगते, कारण पावलाचे एवढे काम दुसऱ्या कोणी केल्याचे मी वाचलेले नाही. नैनसिंह हे कुमाऊँच्या डोंगरातल्या मिलम गावचे. आज ते उत्तराखंडात येते. ते शाळामास्तर होते. त्या काळी तिबेटात परक्या माणसाला शिरायला बंदी होती आणि इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याला तर तिथला नकाशा हवा होता. साखळी किंवा दुर्बीण घेऊन गेले तर पकडले जाणार. म्हणून खात्याने नैनसिंहांना डेहराडूनला नेऊन शिकवले. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच लांबीचे टाकायचे. दोन हजार पावलांत एक मैल, म्हणजे एक पाऊल साधारण ८० सें.मी. १८६५ साली ते निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. हातात जपमाळ. पण जपमाळेचे मणी १०८ असतात आणि यांच्या माळेत १०० च होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. पूर्ण माळ फिरली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. टिपणांचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

आजी म्हणाली, "मास्तर व्हता म्हन की! मास्तर लोक लई चिवट." (हे मी गुरुजींना विचारून लिहिले आहे.) मी म्हटले, "आजी, तूपण तुळशीच्या माळेवर पावलं मोज." तर रागावली. माळ नामासाठी असते, असल्या कामाला लावायची नाही. बरोबरच आहे तिचे.

माझी चढावरची पावले मी मोजून पाहिली. वस्तीजवळच्या टेकाडावर ३० मीटरला ५० च्या जागी ५८ लागली. डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन सपाटीवर ५५. नैनसिंहांनी हिमालयात पाऊल सारखे ठेवले कसे, देव जाणे.

दहा हजारांवरून आठवले. मोबाइलवर आणि टीव्हीवर सारखे सांगतात की रोज दहा हजार पावले चाला. हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले, त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते. तिथून तो आकडा जगभर झाला. पुढे अमेरिकेत १६ हजारांवर वयस्क बायकांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली छापून आला. दिवसाला २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांचे मरणाचे प्रमाण बरेच कमी दिसले आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फारसा फरक दिसला नाही. म्हणजे कोणाची आजी दहा हजार होत नाहीत म्हणून हिरमुसून बसली असेल, तर तिला हे वाचून दाखवा. किती चालायचे ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.

पाच आठवड्यांनी आजीची जखम भरली. दवाखान्यातून परवानगी मिळाल्यावर मी आणि बाबांनी एक काम केले. गुरुजींकडून फीत आणली आणि घरापासून कालव्याच्या पुलापर्यंतचा रस्ताच मोजला. बरोबर २५ फिती भरल्या, ७५० मीटर. म्हणजे पुलापर्यंत जाऊन परत येणे दीड किलोमीटर, आणि दोन खेपा केल्या की तीन. आता आजीला फोनची गरजच नाही. माझे स्वतःचे मत असे की, रोजचा रस्ता ठरलेला असेल तर रस्ताच एकदा मोजून टाकावा. पाऊल मोजायचे ते नवीन रस्त्यासाठी, आणि आपली चाल कशी आहे ते कळण्यासाठी.

म्हणून आजीचे पाऊल मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजते. आता ती चप्पल घालूनच येते. मागच्या रविवारी ३० मीटरला ६४ पावले झाली. ओसरीवर ओल्या पायांनी पुन्हा चालवले, तर उजवे ४७ आणि डावे ४६. ठसे स्वच्छ होते. आईने ते वाकून वाकून बघितले.

मैदानावरच्या चुन्याच्या दोन रेघा काल नव्याने मारल्या आहेत. सभा संपल्यावर ज्यांना आपले पाऊल मोजायचे असेल त्यांनी तिकडे यावे. मोजायला सातवीची मुले थांबणार आहेत. या लेखाच्या शेजारी कोरा कागद डकवला आहे. त्यावर नाते, ३० मीटरची पावले आणि सेंटिमीटर एवढेच लिहायचे. पहिली ओळ मी भरून ठेवली आहे:

आजी – ६४ – ४७ सें.मी.